ब्रेसलेट पुन्हा पुन्हा का तुटतं?

तुमच्या पत्रात खरं तर तीन प्रश्न आहेत. घरी ओवलेली तीन ब्रेसलेटं पंधरा-वीस दिवसांत तुटली, तर आता जाड इलॅस्टिक घ्यावं का? या कामाला अवजारं कोणती लागतात? आणि मैत्रिणीला एक भेट द्यायचंय, पण तिच्या मनगटाचं माप विचारून गंमत घालवायची नाही, मग काय करायचं? तुमची रीत तुम्ही नीट लिहिलीत ते बरं केलंत: ८ मिलिमीटरचे दगडी मणी, मध्ये मध्ये धातूच्या चकत्या, एकपदरी इलॅस्टिक, साधी निरगाठ आणि वर सुपरग्लूचा थेंब. ब्रेसलेट तुटण्याची चारही कारणं एका वाक्यात इतकी छान जमून आलेली मी क्वचितच पाहिली आहेत. रागावू नका, माझी पहिली डझनभर अशीच होती.

आधी जाड इलॅस्टिकचं बघू. घेऊ नका. जाड दोरीची गाठ घट्ट बसत नाही, ती आतून फुगीर राहते आणि हळूहळू सैल होते. शिवाय ती मण्यात लपत नाही, म्हणून आपण टोकं अगदी गाठीला लागून कापतो आणि सुटायला तिला आणखी मोकळीक देतो.

दुरुस्तीला आलेलं ब्रेसलेट हातात घेतलं की मी मण्यांकडे बघतच नाही, आधी दोरीची टोकं बघते. तुमच्याकडे त्या तीन दोऱ्या असतील तर कचऱ्यातून काढा. दोन्ही टोकं शाबूत आहेत, फक्त जिथे गाठ होती तिथे नागमोडी वळणं पडली आहेत? म्हणजे दोरी तुटलीच नाही, गाठ सुटली. गाठीपासून दूर, मधेच कुठेतरी, तिरका आणि स्वच्छ छेद आहे? म्हणजे एखाद्या मण्याच्या किंवा चकतीच्या कडेने ती कापली. दोरी लांबट, पांढुरकी, निर्जीव झाली आहे, ओढली तर परत येत नाही? ती थकली. आणि गाठीला अगदी चिकटून, गोंद संपतो त्या रेषेवर कडकन मोडल्यासारखी तुटली असेल, तर गुन्हेगार सुपरग्लू.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात कमी लोकांना पटतो. सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो. त्याच्याखालची दोरी ताणायची थांबते, शेजारची मात्र ताणतच राहते. ब्रेसलेट रोज दोनदा चढवताना-उतरवताना सगळा ताण त्या एका सीमेवर येतो. त्यातून गोंद बारीक दोरीत झिरपून तिलाच ठिसूळ करतो. गोंद लावायचाच असेल तर वाळल्यावरही लवचीक राहणारा, दागिन्यांसाठीच मिळणारा, सुईसारख्या तोटीचा घ्या. एक टिपका पुरे आणि तो चोवीस तास वाळू द्या. खरं सांगायचं तर गाठ नीट असेल तर गोंद ही नुसती मनाची समजूत असते. मी अजूनही लावते, पण गाठीवर विश्वास बसल्यावर.

आता गाठ. निरगाठ सुती दोऱ्यावर पक्की बसते, कारण सूत सुताला धरतं. इलॅस्टिक गुळगुळीत असतं आणि सतत मूळ लांबीवर यायला धडपडतं, त्यामुळे निरगाठीचा पहिला वेढा दुसरा घालेपर्यंतच सैल होतो. इथे सर्जन्स नॉट लागते. नाव मोठं असलं तरी ती निरगाठच आहे, फक्त पहिल्या वेढ्यात टोक एकदाऐवजी दोनदा फिरवायचं. तो जादाचा फेरा गाठ धरून ठेवतो आणि आपल्याला दुसरा वेढा घालायला दोन सेकंद मिळतात. दुसऱ्या वेढ्यातही मी दोनदा फिरवते. मात्र पहिला वेढा उजवं टोक डाव्यावरून नेऊन घातला असेल तर दुसरा डावं उजव्यावरून. दोन्ही एकाच बाजूने घातले की गाठ तिरकी पडते आणि सरकते. घट्ट करताना टोकं एकदम खेचू नका. सावकाश ओढा, मग प्रत्येक टोक वेगळं ओढा, मग ब्रेसलेट आतून दोन बोटांनी ताणून गाठ बसवा. टोकं ३-४ मिलिमीटर तरी ठेवा आणि गाठीसकट शेजारच्या मण्यात ओढून घ्या. त्यासाठी सरात एखादा मणी दीड-दोन मिलिमीटर भोकाचा ठेवायचा, म्हणजे गाठ त्याच्या पोटात जाते. हा मणी आधीच निवडून ठेवा. सगळं ओवून झाल्यावर शोधायला गेलं तर तो सापडत नाही, असा अनुभव आहे.

दोरीच्या जाडीचा हिशोब भोकापासून सुरू होतो. ८ मिलिमीटरच्या दगडी मण्याचं भोक बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यात ०.८ ची एक दोरी जाते किंवा ०.५ च्या दोन. काटेकोरपणे बघितलं तर ०.८ च्या एका दोरीत रबर जवळजवळ सव्वापट आहे, तरी मी ०.५ ची दुपदरीच घेते. एक पदर कापला गेला तरी दुसरा पदर मणी सांडू देत नाही आणि गाठही लहान होते. मोत्यांची भोकं याहून बारीक असतात, तिथे इलॅस्टिकचा हट्टच सोडावा.

ओवण्याआधी दोरी ताणून घेणं ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पाऊण मीटर दोरी दुमडा, दोन्ही हातांत धरून आठ-दहा वेळा सावकाश ताणा, सोडा. ती थोडी लांब होईल आणि तिथेच थांबेल. हे आत्ता केलं नाही तर तीच लांबी पहिल्या आठवड्यात मनगटावर वाढते. मग मण्यांमध्ये फट दिसायला लागते, मणी मागेपुढे सरकतात आणि प्रत्येक सरकण्यात भोकाची कड दोरीवर घासते. म्हणजे थकणं आणि कापलं जाणं ही दोन वेगळी कारणं वाटली तरी पहिलं दुसऱ्याला बोलावून आणतं.

दगडी मण्याचं भोक पुष्कळदा दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं आणि मध्यावर दोन्ही भोकं तंतोतंत जुळत नाहीत, आत पायरी राहते. बाहेरची कडही धारदार असते. प्रत्येक मणी ओवण्याआधी त्यात जुन्या इलॅस्टिकचा तुकडा घालून आठ-दहा वेळा मागेपुढे घासा. तुकडा खरखरीत झाला तर तो मणी बाजूला. असे मणी सुधारता येतात: हिऱ्याच्या कणांचा मुलामा असलेला टोकदार रीमर मिळतो, तो भोकात हाताने फिरवायचा, आणि पाण्यात बुडवून. पाणी दोन गोष्टींसाठी: दगड तापून तडकत नाही आणि धूळ नाकात जात नाही. मॅलाकाइटसारख्या तांबं असलेल्या दगडाच्या बाबतीत तर दुसरं कारण पहिल्याहून मोठं. तुमच्या धातूच्या चकत्यांचा मला दगडांहून जास्त संशय आहे. पातळ पत्र्याला ठोकून पाडलेल्या भोकाची कड म्हणजे सरळ पातंच. नखावरून भोकाची कड फिरवून बघा. नख खरवडलं तर ती चकती इलॅस्टिकवर चालणार नाही, कितीही सुंदर असली तरी.

माप हा विषय सोपा समजून सोडून दिला जातो. माझ्या मते अर्धी ब्रेसलेटं मापापायी मरतात. कारण असं: आपण मनगट मोजतो, तेवढ्या लांबीचे मणी ओवतो, गाठ मारतो आणि ब्रेसलेट आवळ बसतं. मग ते दिवसभर ताणलेलंच राहतं. चूक कुठे होते? दोरी मण्याच्या मधून जाते, मनगटाला मात्र मण्याची आतली बाजू टेकते. सरळ सरात या दोन लांब्या सारख्या असतात, वर्तुळ केलं की आतली लांबी कमी होते, आणि ती बरोबर मण्याच्या व्यासाच्या ३.१४ पट कमी होते. म्हणून ओवायची लांबी म्हणजे मनगटाचा घेर, अधिक थोडी ढील, अधिक मण्याचा व्यास गुणिले ३.१४.

१६ सेंटिमीटरचं मनगट धरू आणि इलॅस्टिकसाठी अर्धा सेंटिमीटर ढील. ४ मिलिमीटरचे मणी असतील तर पावणेअठरा सेंटिमीटर ओवायला हवं, म्हणजे ४४-४५ मणी. तुमच्या ८ मिलिमीटरच्या मण्यांना १९ सेंटिमीटर, म्हणजे २४ मणी. १२ मिलिमीटरचे घेतलेत तर २०.३ सेंटिमीटर, म्हणजे १७ मणी. मनगट तेच, आणि बारीक मण्यांपासून मोठ्या मण्यांपर्यंत जाताना लांबीत अडीच सेंटिमीटरचा फरक पडला. तुम्ही २० मणी ओवलेत असं लिहिलंय. म्हणजे १६ सेंटिमीटर लांबी आणि आतून जेमतेम साडेतेरा. तुमचं मनगट अगदी बारीक नसेल, तर ती ब्रेसलेटं पहिल्या दिवसापासून फासावर होती.

मनगट मोजताना कागदाची पट्टी मनगटाच्या हाडाच्या जरा खाली, जिथे ब्रेसलेट खरोखर बसतं तिथे गुंडाळा, खूण करा आणि पट्टी फूटपट्टीवर मोजा. शिवणकामाची टेप बारीक घेरावर नीट वळत नाही. उन्हाळ्यात आणि दिवसाच्या शेवटी हात थोडा सुजतो, तेव्हा सकाळी उठल्या उठल्या माप घेऊ नका. कडक, न उघडणारं कडं करायचं असेल तर मात्र मनगटाचं माप उपयोगाचं नाही. अंगठा तळव्यात दुमडून बोटांच्या मुळाशी हाताचा सगळ्यात रुंद घेर मोजायचा.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट घालताना ते फुगवून हातावरून खेचू नका. बोटांवरून गुंडाळत गुंडाळत, मणी फिरवत वर न्या. उतरवतानाही तसंच. अत्तर, लोशन, घाम आणि ऊन यांनी दोरी मरते, हे काही टाळता येत नाही. माझ्या नेहमीच्या वापरातल्या इलॅस्टिकच्या ब्रेसलेटची दोरी मी वर्षातून एकदा, तुटण्याची वाट न बघता बदलते. पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं सगळं केल्यावरही काही मणी इलॅस्टिकवर घालूच नयेत. हेमॅटाइट दिसायला काळा चकचकीत, पण त्याची घनता क्वार्ट्‌झच्या जवळजवळ दुप्पट. ८ मिलिमीटरचे २४ मणी क्वार्ट्‌झचे असतील तर साधारण १७ ग्रॅम भरतात, हेमॅटाइटचे असतील तर ३३. हात हलेल तसं हे वजन झोके घेतं. अशा मण्यांना बीडिंग वायर हवी: पोलादाच्या अतिबारीक तारा पिळून वर नायलॉनचं आवरण दिलेली. तिच्यात ७, १९ किंवा ४९ तारा असतात. तारा जितक्या जास्त तितकी ती मऊ वळते आणि तिच्यात मोड पडत नाही. मनगटासाठी १९ च्या खाली जाऊ नका. जाडी हलक्या मण्यांना ०.३८ आणि दगडांना ०.४८ मिलिमीटर.

या वायरला गाठ मारत नाहीत. टोक क्रिम्प नावाच्या छोट्या धातूच्या नळीतून घालायचं, हुकाच्या कडीतून फिरवून त्याच नळीतून परत आणायचं आणि नळी दाबायची. सगळं ब्रेसलेट या दोन मिलिमीटरच्या नळीवर लोंबकळत असतं, तेव्हा तिथे काटकसर नको. गोल मण्यासारख्या क्रिम्पपेक्षा नळीसारखी घ्या, दाबल्यावर ती तडकत नाही. साध्या चपट्या पकडीने चेपलं तरी धरतं, पण खास क्रिम्पच्या पकडीला दोन खाचा असतात त्या उगीच नाहीत. आधी आतल्या खाचेत दाबलं की नळीच्या मधोमध घळ पडते आणि तारेचे दोन पदर घळीच्या दोन बाजूंना वेगळे बसतात. मग नळी आडवी फिरवून बाहेरच्या गोल खाचेत दाबायची, ती दुमडून गोल होते. दाबण्याआधी नळीत दोन तारा एकमेकींना ओलांडत नाहीत ना, हे डोळ्यांजवळ नेऊन बघा. ओलांडलेल्या असतील तर दाबताना एक दुसरीला कापते आणि ते कळतं महिन्याने. उरलेलं टोक दोन-तीन मण्यांतून मागे न्या आणि मगच कापा.

वायरवर नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे सर अगदी घट्ट ओढणं. टेबलावर सुंदर दिसतो, मनगटावर वळवला की काठीसारखा ताठ होतो, कारण वर्तुळात वळायला मण्यांना थोडी जागा लागते. दुसरी क्रिम्प दाबण्याआधी सर हातात गोल करून बघा. गोल केल्यावर मणी एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. सरळ ठेवल्यावर एक-दोन मिलिमीटर वायर दिसली तर ती दिसू दे.

हुक कोणता घ्यायचा, तर जो तुम्हाला एका हाताने लावता येतो तो. गळ्यातल्या माळेला दोन हात मिळतात, ब्रेसलेटला एकच, हे लोक विसरतात. लॉबस्टर हुक, म्हणजे खटका नखाने ओढून उघडायचा, नांगीच्या आकाराचा, सुरक्षित असतो पण छोटा घेतला तर नखं मोडतात; १२ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका. टॉगल म्हणजे कडीतून आडवी दांडी, एका हाताने झटकन लागतं. पण दांडी कडीतून पलीकडे जाण्यासाठी तिच्याजवळचे दोन-तीन मणी बारीक ठेवावे लागतात, नाहीतर मोठा मणी कडीवर अडतो आणि दांडी आत जातच नाही. चुंबकाचा हुक लावायला सगळ्यात सोपा आणि निसटायलाही. जड ब्रेसलेटला तो लावू नका, पेसमेकर असलेल्या व्यक्तीला देऊ नका, आणि लहान मुलं असलेल्या घरात आणूच नका: दोन छोटे चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना ओढतात, हा जिवावरचा प्रकार आहे. मण्यांचंही तेच, तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात कुठलंच मण्यांचं ब्रेसलेट नको.

हुक आणि सर जोडणाऱ्या कड्यांना जम्प रिंग म्हणतात. ही कडी फाकवून उघडायची नसते. दोन पकडींनी दोन टोकं धरा, एक आपल्याकडे आणि एक पलीकडे, दार उघडल्यासारखी. बंद करताना टोकं किंचित एकमेकांच्या पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे ती टक् करून जुळतात. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली तर वायर कधीतरी तिथून निसटेल. फाकवून उघडलेली कडी पुन्हा कधीच गोल होत नाही, ती सरळ टाकून द्या.

अवजारांचं तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर यातच बरंचसं येऊन गेलं. इलॅस्टिकला कात्री, फूटपट्टी आणि मणी घरंगळू नयेत म्हणून खाली पसरायला जुना टॉवेल, एवढं पुरे. वायरवर गेलात की दोन बारीक टोकाच्या, आतून दाते नसलेल्या पकडी, एक क्रिम्पची पकड आणि तार कापायचं कटर. दाते असलेली घरातली पकड मऊ धातूवर कायमच्या खुणा उमटवते. मेमरी वायर, म्हणजे ती स्प्रिंगसारखी गोल राहणारी कडक तार, या नाजूक कटरने कधीही कापू नका. माझं पहिलं चांगलं कटर असंच एका मिनिटात वाया गेलं. पात्यात अर्धगोल खाच पडली आणि ती अजून आहे. मोठे मणीसंच, चोवीस कप्प्यांचे डबे, मणी मांडायच्या खाचांच्या पाट्या हे सगळं पुढच्या वर्षी.

धातूबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण दागिना घरी केला की त्वचेची जबाबदारीही आपलीच. स्वस्त हुकांमध्ये निकेल असतं आणि बऱ्याच जणांना त्याची अॅलर्जी असते: मनगटावर नेमकी हुकाच्या आकाराची खाज, लाली, बारीक पुरळ. वरचा मुलामा घासून गेला की त्रास सुरू होतो, म्हणून पहिले दोन महिने काही होत नाही आणि मग लोक साबणाला दोष देतात. युरोपीय संघाच्या नियमांत त्वचेला सतत लागणाऱ्या दागिन्यातून निकेल पाझरण्याची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, यावरून हा नुसता नाजूकपणाचा मामला नाही हे कळावं. ३१६एल या प्रकारच्या स्टेनलेस पोलादातही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्याने फार कमी पाझरतं आणि बहुतेकांना चालतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियम किंवा नायोबियम. तांबं आणि पितळ मनगटावर हिरवट डाग पाडतं, तो साबणाने जातो, त्याने घाबरू नका. ९२५ चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. ती काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. म्हणून चांदीचे हुक आणि मणी रबरबँडने बांधून ठेवू नका. रबर पक्कं करायला गंधकच वापरलेलं असतं आणि बँडच्या रेषेत काळा पट्टा उमटतो.

मणी एकत्र करतानाही कोण कोणाच्या शेजारी बसतंय ते बघा. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर आहे, मॅलाकाइट साडेतीन ते ४, अंबर दोन-अडीच, मोतीही खालच्याच टोकाला. मोत्याशेजारी क्वार्ट्‌झ ओवला तर वर्षभरात मोत्याची झळाळी एका बाजूने घासून जाते. मोती ओवायचेच असतील तर रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून गाठवा. मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तर एकच मोती सांडतो. आणि निळे, भडक फिरोजा म्हणून घेतलेले मणी ओल्या पांढऱ्या कापसाने पुसून बघा. हाउलाइट नावाचा पांढरा सच्छिद्र दगड रंगवून फिरोजा म्हणून सर्रास खपवला जातो. रंग कापसावर उतरला तर तो उद्या बाहीवरही उतरणार.

आता मैत्रिणीचं. माप नसताना इलॅस्टिकवर भिस्त ठेवू नका. ते ताणतं म्हणून सगळ्यांना बसतं ही समजूत किती महाग पडते ते वर पाहिलंच. हुकाच्या ब्रेसलेटला पाच सेंटिमीटरची जादा साखळी लावली की १५ ते १९ सेंटिमीटरच्या मनगटांची सोय होते. पण भेट म्हणून मला मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारत विणलेलं, सरकत्या गाठीचं ब्रेसलेट जास्त आवडतं. त्याला ना पकड लागते ना हुक, आणि ते कुणालाही बसतं.

त्यासाठी १ मिलिमीटरची मेण लावलेली पॉलिस्टर किंवा नायलॉनची दोरी घ्या. मधे दोन स्थिर दोऱ्या, प्रत्येकी ५० सेंटिमीटर. त्यांच्यात मधोमध पाच-सात मणी. मण्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर विणायचं, त्यासाठी दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटरची एकेक विणायची दोरी, तिचा मध्य स्थिर दोऱ्यांखाली धरून. सर्वसाधारण हिशोब असा की विणीच्या लांबीच्या चार-पाच पट दोरी प्रत्येक बाजूला लागते. मी नेहमी थोडी जास्तच घेते, कारण दोन सेंटिमीटर कमी पडण्यासारखं दुःख नाही. विणायची रीत निरगाठीचीच, फक्त ती स्थिर दोऱ्यांभोवती मारायची: डावी दोरी वरून, उजवी तिच्यावरून खाली आणि मागून डाव्या फासातून बाहेर. मग हेच उलट, उजवीकडून सुरू करून. आलटून पालटून केलं तर पट्टी सपाट येते. उलट करायला विसरून सतत डावीकडूनच सुरू केलं तर ती स्वतःभोवती पीळ घेत जाते. पीळ पडला तर उसवू नका. मुद्दामच केलंय असं सांगा, दिसतोही छान.

शेवटी स्थिर दोऱ्यांची चारही टोकं एकमेकांवरून विरुद्ध दिशांना ठेवा, आणि वेगळ्या ३० सेंटिमीटर दोरीने त्या चारींभोवती याच विणीचे सहा-सात फेरे घाला. हे फेरे इतके घट्ट हवेत की टोकं ओढल्यावर सरकतील, पण आपणहून नाही. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर टोक ओढून बघा, कारण शेवटी सैल करता येत नाही. विणायच्या दोऱ्यांची टोकं दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरची ज्योत नुसती जवळ न्या. ती वितळून मणी होतात, गरम असताना काडीच्या टोकाने दाबा, बोटाने नाही. सुती दोरीवर हे करायला जाऊ नका, ती वितळत नाही, पेटते. तिथे टोक विणीच्या पोटात सुईने ओवायचं.

ओढायच्या चार टोकांना एकेक बारीक मणी घालून गाठ मारा, म्हणजे ती फेऱ्यांतून पूर्ण निसटणार नाहीत. पूर्ण उघडल्यावर आतला घेर २३-२४ सेंटिमीटर आला पाहिजे, एवढ्यातून बहुतेक हात आरामात जातात. कमी आला तर देण्याआधी ती टोकं सोडा आणि गाठी थोड्या पुढे सरकवा.